आधी पंगत, मग पद

नेता व्हायला जनाधार लागतो, असं वाहिन्यांवरचे विश्लेषक रोज रात्री छातीठोकपणे सांगतात. अमेरिकेच्या लिंडन जॉन्सन यांचा जनाधार होता ८७ मतांचा! १९४८ साली टेक्सासात डेमोक्रॅटिक पक्षाची सिनेटची उमेदवारी ठरत होती. मतं पडली जवळजवळ दहा लाख. सहा दिवसांनी ॲलिस गावच्या १३ क्रमांकाच्या पेटीतून आणखी २०२ मतं निघाली, त्यातली २०० जॉन्सन यांची, आणि ते ८७ मतांनी जिंकले. यादी पाहिलेले सांगत की, ही नावं एकाच शाईत आणि चक्क वर्णानुक्रमाने होती. मतदारांना शिस्त नसते असं कोण म्हणतं?

सिनेटमध्ये शब्द चालायचा तो जॉर्जियाच्या रिचर्ड रसेल यांचा. जॉन्सननी त्यांच्याच लष्करी समितीत वर्णी लावून घेतली. रसेल अविवाहित, रविवारी एकटे. मग रविवारचं जेवण जॉन्सनांकडे. मुली त्यांना 'अंकल डिक' म्हणू लागल्या. प्रतिनिधिगृहात असताना सॅम रेबर्न या दुसऱ्या एकट्या ज्येष्ठासाठीही असंच पान मांडलं जायचं. घरचा स्वयंपाक झेफर राइट या कृष्णवर्णीय बाईंचा. आणि रसेल तर कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांना आडवं जाणाऱ्यांचे म्होरके. हातचं चालायचं, हक्काचं नाही. यजमानांनीही १९४९ मधलं सिनेटमधलं पहिलं भाषण त्याच हक्कांच्या विरोधात ठोकलं. पाहुण्यांनी अभिनंदन केलं, हे सांगायला नकोच.

पुढचं काम विरोधकांनी केलं. १९५० मध्ये पक्षाचे सिनेटमधले नेते लुकास आणि प्रतोद मायर्स दोघेही पडले. जॉन्सन प्रतोद झाले. १९५२ मध्ये नवे नेते मॅकफार्लंडही पडले. अशा अपशकुनी खुर्चीवर बसणार कोण? रसेलना ती नकोच होती. जानेवारी १९५३ मध्ये, सिनेटमध्ये जेमतेम चार वर्षं काढलेले ४४ वर्षांचे जॉन्सन अल्पमतातल्या पक्षाचे नेते झाले. दोन वर्षांनी पक्षाला बहुमत मिळालं आणि तेच बहुमताचेही नेते.

एक मात्र कबूल करायला हवं. बसल्याबसल्या त्यांनी ज्येष्ठतेचा शिरस्ता मोडून प्रत्येक नवख्या सिनेटरला एक तरी वजनदार समिती दिली. नवख्याला आधी वीस वर्षं सतरंज्या उचलायला लावणाऱ्या आमच्या पक्षांनी याची नोंद घ्यावी. अर्थात यात औदार्य किती आणि उपकारांची वही किती, हे ज्याचं त्याने ठरवावं.

१९६१ मध्ये ते देशाचे उपाध्यक्ष झाले. तरीही पक्षाच्या सिनेटरांच्या बैठकीचं अध्यक्षस्थान आपल्याकडेच राहावं, असा घाट त्यांनी घातला. ठराव ४६ विरुद्ध १७ असा मंजूर झाला. पण आपल्याच पक्षातले सतरा जण विरोधात गेले, यावरून जॉन्सन काय ते समजले आणि त्यांनी तो नाद सोडला.