श्रीमान संमतिपत्रसाहेब यांस अनावृत पत्र

मुक्काम पंचवटी, नाशिक

श्रीमान संमतिपत्रसाहेब यांसी सा. न. वि. वि.

आपल्या 'रुग्णाशी नाते' या रकान्यात मी सुवाच्य अक्षरांत 'आजोबा' असे लिहिले असता आपण जो बाणेदार नकार दिलात, त्याबद्दल आपले अभिनंदन करण्यासाठी हा पत्रप्रपंच. आमचा आठ वर्षांचा नातू रामकुंडाच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरला, मनगटाशी हाड मोडले आणि भूल देऊन ते बसवावयाचे ठरले. अनामत रक्कम माझ्याकडून बिनतक्रार भरून घेण्यात आली, औषधांची चिठ्ठी माझ्याच हाती पडली, रात्री खाटेशेजारी जागण्याची मुभाही मलाच मिळाली. मात्र संमतीची सही आईबापांचीच हवी, मी फार तर खालच्या ओळीत साक्षीदार व्हावे, असा निवाडा झाला. जी संमती देणारे दोघेही कॅलिफोर्नियात पहाटेच्या झोपेत होते, तिचा मी साक्षीदार!

वास्तविक या क्षेत्री नात्याच्या पुराव्याची वाण नाही. तीर्थोपाध्यायांना मूळ गाव आणि आडनाव सांगावे, की बासनातली लांबोडी वही उलगडते आणि पणजोबांच्या हातचा लेख समोर येतो. मृत पूर्वजांशी आमचे नाते असे घटकाभरात रुजू होते. जिवंत नातवाशी असलेले मात्र आपल्या दरबारी नामंजूर!

आपली निष्ठा कायद्याहूनही कडक आहे, ही तर आपली खरी थोरवी. बारा वर्षांखालील बालकाच्या हितार्थ सद्भावनेने केलेल्या कृत्यास पालकाची, अथवा ते ज्याच्या कायदेशीर ताब्यात असेल अशा इतर इसमाची संमती १८६०च्या दंड संहितेच्या कलम ८९ने ग्राह्य धरली होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २७नेही ती कायम ठेवली आहे. आणि संमती मिळवण्यास अवधीच नसेल, तर कलम ३० डॉक्टरांना तिच्यावाचूनही उपचार करू देते. चिरंजीव जेथे नोकरीस आहेत त्या कॅलिफोर्नियात तर, मूल आपल्याकडे राहत असल्याचे विहित प्रतिज्ञापत्र नातलगाने भरून दिले, की नोटरीच्या शिक्क्याचीही गरज उरत नाही.

डॉक्टरांना मी बोल लावीत नाही. उद्या कोर्टाची पायरी चढावी लागली, तर आजोबांची माया पुराव्यात दाखल होत नाही, कागद होतो. आणि २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेने अज्ञान रुग्णाच्या शस्त्रक्रियेस आईबाप किंवा पालक यांची लेखी संमती मागितली आहे. दोष आमच्या घरचाच. निघताना सूनबाईंनी दुधाची वेळ, गृहपाठ, मोबाइलची बंदी आणि गॅसची चावी यांविषयी सविस्तर ताकीद दिली. परंतु 'आमच्या गैरहजेरीत अमुक तारखेपर्यंत मुलाच्या औषधोपचारास व शस्त्रक्रियेस संमती देण्याचा अखत्यार आजोबांस आहे' एवढा मजकूर, मुलाची जन्मतारीख, सोसत नसलेली औषधे आणि उभयतांच्या सह्या एका कागदावर उतरवण्याचे कोणासही सुचले नाही.

तरी विनंती, की आपल्या पुढील आवृत्तीत 'आईबापांनी अधिकार दिलेला इसम' असा एक रकाना घालण्याची तजवीज व्हावी. आणि ज्यांची मुले आजीआजोबांच्या ओसरीवर वाढताहेत, त्यांनी सामान बांधण्यापूर्वी तो भरण्याजोगा कागद करून ठेवावा.

कळावे, लोभ असावा.

आपला आज्ञाधारक,
एक साक्षीदार