लिंबायतचा कान

सुरतेत मोजमापाशिवाय पान हलत नाही. वराछात हिरा सेंटवर तोलतात. एक सेंट म्हणजे 2 मिलिग्रॅम. आमच्या उधन्यात 9000 मीटर धाग्याचं वजन ग्रॅममध्ये सांगितलं की झाला डेनिअर. अशा शहरात सायकलच्या तारांचा ताण नुसत्या नखाने ठरवावा, हे काही मला पटेना. मी मीटर मागवलं.

मीटर ओळखीचंच निघालं. धाग्याचा ताण मोजतात तोच प्रकार: दोन खुंट्यांवर तार धरायची, मधून स्प्रिंगने ढकलायची, किती वाकली ते बघून तक्त्यात किलो शोधायचे. चांगल्या कसलेल्या चाकात एकेका तारेवर 100 किलोच्या आसपास ताण असतो. 36 तारांचा हिशेब साडेतीन टनांवर जातो, आणि तो सोसते अर्ध्या किलोची रिम!

लिंबायतचा आमचा मिस्त्री मूळ अमळनेरकडचा. "हाई काय शे भाऊ?" म्हणत त्याने मीटर उलटंपालटं करून बाजूला ठेवलं आणि नखाने तार छेडली. टिंग. शेजारची छेडली. टुंग. "आठे ढिली शे."

मीटरनेही तेच सांगितलं, फक्त तक्ता सापडल्यावर.

बरं, ढिली तार कसून मोकळं व्हावं, तर तेही नाही. चाळीत एकाने नळ सोडला की शेजाऱ्याची धार बारीक होते, तसं एक तार कसली की त्याच बाजूच्या शेजारणी सैल पडतात. शिवाय गिअरच्या सायकलीत मागच्या चाकाची उजवी बाजू डावीपेक्षा बरीच ताठ लागते. तिथे समानतेचा आग्रह धरला तर रिम एका अंगाला सरकते.

जोब्स्ट ब्रँट नावाच्या अभियंत्याने 1981 साली चाकावर आख्खं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं, चाक खालच्या तारांवर उभं असतं: वजन आलं की खालच्या तारांचा ताण घटतो. मुळात ढिली असलेली तार मग पुरती सैल पडते, फेरीगणिक सैल-ताठ होत थकते आणि तुटते. मिस्त्रीने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि तोवर चाकाचा आऊट काढून संपवला.

मीटर आता त्याच्याच टपरीत असतं. रविवारी डुमसला जाणारी, लाखाच्या सायकलींची वेसूची मंडळी आली की तो मीटर लावतो, तक्ता उघडतो, कपाळाला आठ्या घालतो आणि दुप्पट पैसे घेतो. रात्रपाळी संपवून लूमवाला आला की टिंग, टुंग आणि नेहमीचा भाव. भाडं मागावं असं माझ्या मनात येतं, पण माझं चाक अजून त्याच्याकडेच आहे.