कुंती आणि तिसरी शिट्टी

नाशकात वाचनालय आधी आलं, मराठी कादंबरी मागाहून. सार्वजनिक वाचनालय, म्हणजे गावाचं ‘सावाना’, 1840 सालचं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ 1857 सालची. म्हणजे तब्बल सतरा वर्षं वाचनालय तयार होतं आणि कादंबरीचा पत्ता नव्हता. आता उलट झालंय. कादंबऱ्या कपाटात ताटकळल्या आहेत आणि त्या न्यायला निघालेली बाई शालिमारच्या गर्दीत स्कूटर लावायला जागा शोधते आहे. डिकीत मेथीच्या दोन जुड्या, हँडलला चेन तुटलेलं दप्तर, सहाला लेकीला क्लासवरून आणायचंय, आणि पुस्तक बदलायची खिडकी बंद व्हायच्या बेतात.

हिला कादंबरीवाली आई म्हणू. ती इंदिरानगरात असते, सिडकोत असते, गंगापूर रोडच्या नव्या इमारतींत तर मजल्यागणिक एक असते. कुणी बँकेत, कुणी शाळेत, कुणी अंबडच्या कंपनीत हिशेब बघते. सगळ्यांच्या तोंडी एक वाक्य कायम असतं: “हल्ली वाचायला वेळच कुठे मिळतो!” हे वाक्य ती ‘पानिपत’ संपवून ‘झाडाझडती’ हातात घेताना म्हणते. विश्वास पाटलांची ही दोन्ही पुस्तकं उशाला घेऊन झोपता येईल एवढी जाड आहेत, हे लक्षात घेतलं म्हणजे तिच्या त्या वाक्याचं खरं वजन कळतं.

ज्यांना वेळ आहे ते कादंबरी वाचत नाहीत, हे जरा नीट बघायला हवं. निवृत्त मंडळी पेपर वाचतात. अग्रलेखापासून निविदा सूचनेपर्यंत सगळा, आणि मग गोदाघाटावर फिरायला जाऊन तो एकमेकांना तोंडी सांगतात. कॉलेजरोडवरच्या पोरांकडे संध्याकाळ मोकळी असते, पण ती मोबाइलला आणि कटिंगला पुरत नाही. पाचशे-सहाशे पानांचा ऐवज उचलते ती जिच्याकडे एका वेळी जेमतेम अकरा मिनिटं असतात ती. हा उलटा व्यवहार अर्थशास्त्राला उलगडणार नाही. स्वयंपाकघरात उभं राहिलं तर मात्र पटकन उलगडतो.

शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ 1967 साली आली. तिचे नऊ भाग आहेत आणि गोष्ट सहा जण सांगतात: कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण. सावंतांनी ही मांडणी कर्णाला सगळ्या बाजूंनी बघता यावं म्हणून केली असेल. कादंबरीवाली आई मात्र ती स्वतःच्या सोयीसाठी केली आहे असंच धरून चालते. कर्ण बोलत असताना भाजी चिरता येत नाही, कारण कर्णाला दोन्ही हात लागतात. दुर्योधन बोलत असला की कणीक चालते. त्याचं चार ओळी मागेपुढे झालं तरी तिला फरक पडत नाही. खरी पंचाईत कुंतीची. कुंतीने पोर पेटीत घालून नदीत सोडायला आणि कुकरची तिसरी शिट्टी व्हायला एकच गाठ पडते. बाई पदराने डोळे पुसते. चौथी शिट्टी होते. पाचवी होते. “काय बाई काळीज असेल तिचं, पोटचं पोर सोडून दिलं,” असं ती पुटपुटते, आणि त्याच वेळी तिचं स्वतःचं पोटचं पोर दारातून ओरडतं, “मम्मी, व्हॅन खाली येऊन गेलीसुद्धा!” मग स्कूटर, उलटं घातलेलं स्वेटर, सिग्नलला पिवळ्यावर काढलेली वाट, आणि शाळेच्या फाटकाशी शिपाईकाकांचा चेहरा. वरणाचं काय झालं ते विचारू नये. घरच्यांनी त्या दिवशी त्याला ‘कुंतीची आमटी’ म्हटलं आणि पुढे वरण लागलं की घरात तेच नाव रूढ झालं.

पुस्तकात खूण ठेवायला तिच्याकडे कधीच खूण नसते. फीची पावती, सिटीबसचं तिकीट, लग्नपत्रिकेचा कोपरा, ताप उतरायच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट, वेणीतून काढलेली पिन, जे हाताला लागेल ते पानांत जातं. त्यामुळे घरातला कुठलाही हरवलेला कागद शोधायचा तर आधी तिचं चालू पुस्तक झटकायचं, हे मुलांना बालवाडीपासून ठाऊक असतं. एका घरात पासपोर्टाची पावती ‘राऊ’मध्ये निघाली. ज्या शहरात नाशिकरोडला देशाचे पासपोर्ट छापतात, त्या शहरात पावती बाजीरावापाशी सुरक्षित राहावी, यात गैर काही नाही.

तिचा नवरा वाचत नाही असं नाही. तो ‘रारंग ढांग’ वाचतो. प्रभाकर पेंढारकरांनी हिमालयात रस्ता बांधणाऱ्यांवर लिहिलेली ही कादंबरी सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या इंजिनिअर मंडळींना इतकी प्रिय, की पुष्कळांनी पुढे दुसरी उघडायची गरजच ओळखली नाही. वाचनाचा विषय निघाला की तो गंभीर होतो, लांब बघतो आणि विचारतो, “तुम्ही ‘रारंग ढांग’ वाचलंय का?” मग बायको आत चहा टाकायला जाते, तो ढांग संपेपर्यंत तिची वीस पानं होतात.

बापांत एक जात मात्र अस्सल वाचकांची आहे, आणि ती ‘पंचवटी’ने जाते. पंचवटी एक्स्प्रेस 1975 सालापासून नाशिककरांना मुंबईच्या कचेऱ्यांत पोचवते आहे. पासधारकांच्या डब्यात पत्ते आहेत, भजन आहे, वाढदिवसाचे केक आहेत, आणि कोपऱ्यात खिडकीशी एक बाप आहे, ज्याला घरी ‘बिच्चारा’ म्हणतात. रोज एवढा प्रवास, पोरांचं तोंड बघायला मिळत नाही! तो मान खाली घालून हे सगळं ऐकून घेतो. परतीला कसाऱ्याला गाडीला मागून बँकर इंजिनं लागतात, गाडी दमाने घाट चढते, बोगदे येतात-जातात, आणि तो डब्यातल्या दिव्याखाली नारायण धारपांच्या समर्थांबरोबर कुठल्याशा वाड्यात उतरलेला असतो. मुंबईतच बिऱ्हाड करण्याचा विषय त्याने आजवर तीनदा शिताफीने टाळला आहे. तिथली लोकल त्याने पाहिली आहे. तिच्यात पुस्तक उघडायला हात तरी मोकळा राहतो का?

आईला अशी गाडी नाही. तिचं सगळं चोरीचं आहे, आणि या चोरीला चांगली जुनी परंपरा आहे. मराठीतल्या सुरुवातीच्या कादंबरीकार काशीबाई कानिटकर, जन्म 1861, या लग्नानंतर वाचायला शिकल्या, त्याही घरातल्यांचा डोळा चुकवून. अलीकडच्या पिढीतल्या सासूबाईंनाही विचारून बघा. आज त्या हरिपाठ म्हणतात, पण चंद्रकांत काकोडकरांचं नाव काढलं की जपमाळ क्षणभर थांबते. काकोडकरांची ‘शामा’ ‘रंभा’च्या 1962 च्या दिवाळी अंकात आली, अश्लील म्हणून खटला झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1969 साली न्यायालयाने ती अश्लील नाही असा निकाल दिला. “आम्ही काही निकालासाठी थांबलो नव्हतो,” एवढंच सासूबाई म्हणतात. सून वाचत बसलेली दिसली की त्या गॅसची ज्योत बारीक करून जातात, बोलत नाहीत. घरातला हा करार कधी कागदावर आलेला नाही.

आणि नाशकात तर कामाच्या रगाड्यातून काढलेल्या वेळाचं आणखी थोर उदाहरण आहे. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली ती नाशिकच्या तुरुंगात, 9 ते 13 फेब्रुवारी 1933 या पाच दिवसांत. दिवसा तुरुंगातलं काम, लेखन रात्री आणि पहाटे. कादंबरीवाली आई हे मुलांना दर परीक्षेआधी सांगते. वेळ काढला की निघतो, असा तिचा मुद्दा असतो. धाकटा एकदा म्हणाला, “पण त्यांना डबा आयता मिळायचा ना?” रात्री ती त्याला ‘श्यामची आई’तलीच एक ‘रात्र’ वाचून दाखवते. तिसऱ्या पानाला तिचा आवाज भरून येतो. पोरगा थोडा वेळ वाट बघतो, पुस्तक स्वतःकडे ओढतो आणि उरलेलं तिला वाचून दाखवतो. लवकर झोपायचं असलं की तो मुद्दाम हेच पुस्तक काढतो, अशी थोरलीची तक्रार आहे.

या जातीची सगळ्यांत मोकळी, कुणापासून काही न चोरणारी बाई बघायची तर मुंबई-आग्रा महामार्गाने ओझरच्या बाजूला जावं. दहाव्या मैलाजवळ भीमाबाई जोंधळे यांचं हॉटेल आहे. टेबलांवर, मांडण्यांवर पुस्तकं. जेवण येईपर्यंत गिऱ्हाइकाने मोबाइल चाळण्याऐवजी ती चाळावीत अशी सोय. शाळा फार झालेली नाही, चहाच्या टपरीपासून सुरुवात, संसार आणि मुलगा सांभाळत वाचनाची हौस धरून ठेवलेली. लोक त्यांना ‘पुस्तकांच्या आजी’ म्हणतात. शहरातली कादंबरीवाली आई इथे सहकुटुंब येते, पिठलं-भाकरी सांगते आणि एक कादंबरी उचलते. आयुष्यात पहिल्यांदाच तिला ताट उशिरा यावंसं वाटतं. भाकरी तव्यावरची गरम आली तर नवरा खूश. ही मात्र प्रकरणाच्या ऐन मध्यावर आलेल्या ताटाकडे अशी बघते, की वाढणारा पोरगा दोन पावलं मागे सरकतो.

कानाने वाचायची सोय झाली तेव्हा वाटलं, आता हिचे प्रश्न मिटले. ‘स्टोरीटेल’वर मराठी कादंबऱ्या ऐकता येतात, पोळ्या लाटता येतात, कपडे वाळत घालता येतात. पण हेही सोपं गेलं नाही. कानात इअरफोन घातलेली बाई भेंडी चिरताना एकदम “नाही, नाही, तिथे जाऊ नकोस!” म्हणाली आणि दूधवाला जिन्यातच थांबला. शिवाय ऐकलेली कादंबरी वाचली म्हणून सांगायची की नाही, यावर सोसायटीत दोन तट आहेत. ते दोन तट पेटीच्या दिवशी समोरासमोर येतात.

पेटी म्हणजे ग्रंथपेटी. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या विनायक रानडे यांनी 2009 मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं: पंचवीस पुस्तकांची पेटी एका वाचकगटाकडे द्यायची, काही महिन्यांनी ती दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलायची. ही पेटी दुबईच्या मराठी घरांपर्यंत गेली. आमच्या आईच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत ती तशी जवळूनच आली. पेटी ज्या घरी ठेवतात त्या घरात अचानक माणसांची ये-जा वाढते. साखर मागायला कुणी येत नाही आता. “सहज आले होते” म्हणत बायका येतात आणि नजर पेटीवर. मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ तर कुणीही मुलांसाठी म्हणूनच नेते. नववीतल्या मुलाला द्यावी की नाही हे तपासायला आई आधी वाचते, मग नीट तपासायला पुन्हा एकदा वाचते, आणि तोवर मुलगा दहावीत जातो.

परवा पेटी बदलायचा रविवार होता. मोजली तर बावीस पुस्तकं. ग्रुपवर संदेश पडला: ज्यांच्याकडे आहेत त्यांनी तातडीने आणून द्यावीत. एक पुस्तक डब्याच्या पिशवीत निघालं, भाजीच्या रसासकट. दुसरं चौथ्या मजल्यावर होतं. “मुलाची परीक्षा आहे हो,” असं उत्तर आलं, आणि परीक्षा संपून आठ दिवस झाल्याचं अख्ख्या ग्रुपला माहीत असून कुणी ते बोललं नाही, कारण प्रत्येकीने ते कारण कधी ना कधी वापरलेलं होतं. तिसरं, सदानंद देशमुखांचं ‘बारोमास’, काही केल्या सापडेना. कपाटं झाली, गाद्या उचलून झाल्या, नवऱ्याची ऑफिसबॅग झाली.

सोमवारी पोळ्यांच्या मावशी आल्या. “ताई, ते माझ्याकडं हाय,” त्या परात पुढे ओढत म्हणाल्या. “तुम्ही ओट्यावर ठेवलं होतं, मी नेलं. सहा घरच्या पोळ्या झाल्या की वाचते. एकनाथचं काय होतंय तेवढं बघू द्या.”

पेटी पुढच्या रविवारवर गेली.