चिरंजीवांचा पीळ

डेट्रॉइट

ती. आई आणि नाना यांना,



आपले चिरंजीव खुशाल आहेत. गेला दीड महिना त्यांची गाडी खुशाल नव्हती, म्हणून पत्राला उशीर. गाडी म्हणजे 1970 ची डॉज चॅलेंजर, 383 घनइंची इंजिनाची. उभी राहिली की नाक खाली, शेपूट वर, पैसे हरवल्यासारखी.

तिच्या पुढच्या चाकांना वेटोळ्यांच्या स्प्रिंगा नाहीत. प्रत्येक चाकाला पोलादाची 41 इंची सरळ दांडी आहे, तिला टॉर्शन बार म्हणतात. क्रायसलरने 1957 च्या गाड्यांपासून ही पद्धत आणली. आपल्या सुनेला ती कळेना. मग अंगणातली चादर पिळणी आठवली. आई एक टोक घट्ट धरून उभ्या, नाना दुसरं फिरवताहेत. बारचं मागचं टोक सांगाड्याच्या आडपट्टीत आईंसारखं पक्कं, पुढचं चाकाच्या कंट्रोल आर्ममध्ये. खड्डा आला की आर्म उचलतो, बार पिळला जातो, आणि पीळ उलगडताना चाक पुन्हा खाली दाबलं जातं. बस्स, एवढंच.

एवढ्यासाठी दीड महिना!

चिरंजीवांनी गाडीखाली झोपून जुना बार मोजला: 0.88 इंच. हेमी आणि 440 इंजिनवाल्यांना कंपनी 0.92 देत असे. बाजारात एक इंचीही मिळतो. "बोटाच्या नखाएवढा फरक," असं सूनबाई म्हणाल्या आणि जेवण गार होईपर्यंत चौथ्या घाताचं व्याख्यान ऐकत बसल्या. बारचा ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. 0.92 घेतला तर सुमारे 20 टक्के, एक इंची घेतला तर थेट 67 टक्के. वर शॉकअब्सॉर्बरही तोलाचे हवेत, नाहीतर गाडी उड्या मारते. आणि जाड बारने नाक वर येत नाही. उंची ठरते ती आर्मजवळच्या बोल्टने. तो तर आधीच पार आवळलेला होता.

चिरंजीवांचं मन एक इंचीवर. पण इथले रस्ते हिवाळा खातो, फटींत शिरलेलं पाणी गोठतं आणि डांबर उचकटतं. मार्चमध्ये गाडी चालवताना आपल्या गावची सय येते. शेवटी 0.92 वर तडजोड झाली. नवे बार आले ते आईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेत, कारण ओरखडा पडला की तिथूनच तडा सुरू होतो. लुगड्याचं काय झालं ते विचारू नये.

रविवारी जुने बार काढले. आधी चाकं लोंबती ठेवून बोल्ट सैल करायचा, पीळ उतरवायचा, मागची क्लिप काढायची आणि बार मागे सरकवायचा. दोन तास लागले, शिव्या शुद्ध मराठीत होत्या. डावा बार बाहेर आला. नात फडकं घेऊन टोकावरचं ग्रीस पुसत होती. तिला नुकती अक्षरओळख झाली आहे.

"बाबा, हे आर आहे ना?"

आर म्हणजे राइट, उजवा. कारखान्यात प्रत्येक बारला त्याच्या बाजूनुसार ठरलेल्या दिशेचा पीळ आधीच दिलेला असतो, म्हणून डावा-उजवा बदलून चालत नाही. आधीच्या कुणी बहाद्दराने दोन्ही अदलाबदल करून बसवले होते.

चिरंजीव बराच वेळ डब्यावर बसून होते. मग त्यांनी चहा मागितला.

आपली,
सून