आप्तवार्तानिर्णय, अर्थात कोणाला काय केव्हा कळवावे

घरातली दुखणीखुपणी लांबच्या नातेवाइकांना कोणत्या क्रमाने, किती आणि कशा शब्दांत कळवावीत, या विषयाकडे आपल्या विद्यापीठांचे झालेले दुर्लक्ष अक्षम्य आहे. प्रस्तुत टिपण ती उणीव अंशतः भरून काढते.

व्याख्या. 'लांबचा' हे अंतर किलोमीटरवर ठरत नाही. न्यू जर्सीतला सख्खा भाऊ जवळचा, वरच्या मजल्यावरचे चुलतचुलते लांबचे. ज्याला कळवल्याने रोग्याला गुण येत नाही, पण न कळवल्याने घरातली पुढची दोन कार्ये बिघडतात, तो लांबचा नातेवाईक.

पूर्वाचार्य. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९०च्या सुमारास 'धर्मसिंधु' रचला. परगावच्या मृत्यूची वार्ता उशिरा आली तर सूतक किती धरायचे, याचा त्यात बारकाईने विचार आहे. दहा दिवसांत कळले तर उरलेले दिवस पाळावेत. त्यानंतर जितका उशीर, तितके सूतक कमी. आईवडिलांची गोष्ट वेगळी, पण भाऊबंदांच्या बाबतीत वर्ष उलटून गेले तर स्नानावर भागते. शास्त्रकारांची ही दूरदृष्टी टपालखात्याला कळली नाही. १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले आणि या सवलतीला उतरती कळा लागली. व्हॉट्सॲपने तर ती समूळ बुडवली. आता सुतकाची बातमी स्मशानातूनच येते, फोटोसकट.

सिद्धान्त पहिला: तपशील आणि गांभीर्य यांचे प्रमाण व्यस्त असते. गुडघा दुखत असेल तर कोणता, कितव्या पायरीवर, कोणत्या तेलाने तात्पुरता थांबतो, हे सर्व अर्धा तास ऐकायला मिळते. मोठे ऑपरेशन मात्र "जरा गाठ होती, काढली" एवढ्यात उरकते. तारेला शब्दागणिक पैसे पडत, त्या काळात 'सिरियस' या शब्दाचा अर्थ 'गेले' असाच घेत आणि घरात रडारड सुरू होई. जुलै २०१३मध्ये तारसेवा बंद झाली. तिचे कार्य आता "काळजीचं काही कारण नाही" हे वाक्य करते. ते कानावर पडताच जाणता माणूस पिशवी भरायला घेतो.

सिद्धान्त दुसरा: आकड्याला आकड्यानेच उत्तर मिळते. "उपाशीपोटी साखर एकशे चाळीस निघाली हो," असे म्हणणाऱ्याला चार धीराचे शब्द हवे असतात. पलीकडून येते, "एवढंच ना? आमच्या ह्यांची दोनशे ऐंशी होती. मेथीच्या पाण्यावर उतरली." सहानुभूतीच्या अपेक्षेने आलेला माणूस दुसरा क्रमांक घेऊन परततो.

सिद्धान्त तिसरा, आणि प्रमुख: वार्ता रोग्याविषयी नसतेच, ती ऐकणाऱ्याच्या मानाविषयी असते. हृदयविकारात पहिला तास मोलाचा, असे डॉक्टर सांगतात. नात्यांतही तसेच आहे. त्या तासात कोणाला फोन गेला, हे पुढे वीस वर्षे लक्षात राहते. नमुन्यादाखल एक संवाद:

"अहो वन्सं, त्या गडबडीत राहूनच गेलं हो."

"गडबडीत सांगलीला बरा फोन गेला!"

रोगी अजून आयसीयूत आहे, हे येथे गौण. सगळ्यांना एकाच वेळी ग्रुपवर कळवावे, असे तरुण अभ्यासक सुचवतात. परंतु सगळ्यांना एकदम कळले, म्हणजे कोणालाच आधी कळले नाही. त्यामुळे सगळेच सारखे दुखावतात, आणि वर चाळीस जोडलेले हात मोजत बसावे लागतात.

पूर्वपक्ष. "मग सांगूच नये."

उत्तरपक्ष. न सांगितलेले दुखणे सर्वांत वेगाने पसरते आणि वाटेत वाढते. ठाण्याहून ॲसिडिटी म्हणून निघालेली बातमी नाशकात अँजिओग्राफी होते आणि जळगावला पोचेपर्यंत तिची बायपास झालेली असते. मग जळगावचे काका फळे घेऊन दारात उभे राहतात. दार खुद्द रोग्याने उघडले की त्यांना फसवणूक झाल्यासारखे वाटते.

निष्कर्ष. दोष नातेवाइकांचा नाही, आजारांच्या निवडीचा आहे. अचानक उद्भवणारे विकार सामाजिकदृष्ट्या घातकच. सर्व बाजूंनी पाहता मोतीबिंदू हा एकमेव निर्दोष आजार ठरतो. तारीख आधी ठरते, त्यामुळे सर्वांना मानाच्या क्रमाने फोन करता येतात. माणूस बहुधा त्याच दिवशी घरी येतो, म्हणून काळजी आणि कौतुक एकाच फोनमध्ये आटोपते. काळा चष्मा लावल्यामुळे भेटायला कोण आले नाही, हे दिसले नाही असे म्हणता येते. शिवाय निसर्गाने डोळे दोन दिले आहेत. पहिल्या वेळी जे राहून गेले, त्यांना दुसऱ्या डोळ्याच्या वेळी सर्वांच्या आधी कळवावे.