पुन्हाप्रयत्नी

मराठी समाजातील ठरीव व्यक्तिप्रकारांत गावचा मुरलेला पाटील, बोरूबहाद्दर कारकून, लग्न जमवणारे मध्यस्थ आणि बांधाच्या वादात तीन पिढ्या कोर्टाची पायरी झिजवणारा वादी यांची नोंद केव्हाच झालेली असली, तरी गेल्या दहा-पंधरा वर्षांत तालुक्याच्या गावी उदयाला आलेल्या एका प्रकाराकडे अभ्यासकांचे म्हणावे तसे लक्ष गेलेले नाही. संकेतस्थळ बंद पडल्यावर जो घरी जात नाही, तो हा प्रकार होय. 'काहीतरी चूक झाली आहे, कृपया थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा' हे वाक्य वाचण्यात त्याच्या आयुष्याचा जो भाग जातो, तो लक्षात घेऊन येथे त्याला 'पुन्हाप्रयत्नी' असे नाव दिले आहे. बीड जिल्ह्यातील केज हे त्याचे एकमेव वसतिस्थान नसले, तरी तेथे तो बारमाही आढळतो आणि खरीप पीकविम्याची मुदत संपत आली की त्याचे थवे दिसतात.

सदर वाक्याची फोड करून पाहिल्यास या प्रकाराच्या स्वभावाचा उगम सापडतो. वाक्याच्या पूर्वार्धात 'चूक' हीच कर्ता आहे. ती कोणी केलेली नाही, अवकाळी पाऊस व्हावा तशी ती झालेली आहे. उत्तरार्धात मात्र आज्ञार्थ असून त्याचा कर्ता अध्याहृत, म्हणजे न उच्चारता गृहीत धरलेला, 'तुम्ही' आहे. चुकीला धनी नाही, प्रायश्चित्ताला मात्र आहे. या वाक्याचा पूर्वज 'तलाठी मीटिंगला गेलेत, उद्या या' असा होता आणि त्याची घडण अगदी निराळी होती: त्यात मीटिंगला जाणारा एक सजीव कर्ता होता, त्याची एक मोटारसायकल होती, आणि ती चहाच्या टपरीसमोर उभी दिसली की वाक्य जागच्या जागी खोटे पाडता येई. जमिनीच्या कागदांच्या नकलेसाठी हेलपाटे घालण्याची विद्या मराठवाड्यात निजामाच्या अमलापासून पिढीजात चालत आलेली आहे, पण त्या हेलपाट्याच्या शेवटी एक माणूस असे, ज्याच्यावर रागावता येई, ज्याचे पाय धरता येत, किंवा अगदीच निरुपाय झाला तर ज्याच्या साडूची ओळख काढता येई. पुन्हाप्रयत्नीचे सारे वर्तन हा त्या हरवलेल्या कर्त्याचा शोध आहे.

त्याचा मुक्काम बहुधा तहसील कार्यालयाच्या आसपासच्या एखाद्या सेवा केंद्रात असतो. सेवा केंद्र म्हणजे एक गाळा, त्यात दोन संगणक, एक झेरॉक्स मशीन, अंगठा घेण्याचे लाल दिव्याचे यंत्र, भिंतीवर दाखल्यांची यादी आणि खुर्चीत 'ऑपरेटर' या पदवीने ओळखला जाणारा पंचविशीचा तरुण, ज्याला सत्तरीचे लोकही 'सर' म्हणतात आणि जो त्यांना 'मामा' म्हणतो. सर्व्हर म्हणजे दूरच्या एखाद्या इमारतीत बसवलेला, एकाच वेळी हजारोंच्या मागण्या ऐकणारा संगणक, अशी त्याची शास्त्रीय व्याख्या असली, तरी केजमध्ये या शब्दाला यंत्राची नव्हे, तर जनावराची क्रियापदे लागतात: सर्व्हर पळतो, अडतो, मध्येच बसतो आणि रात्री मोकळा सुटतो. तो चालेनासा झाला की 'सर्व्हर पळंना' असे म्हणतात. प्रमाण मराठीतील 'पळेना'चे हे मराठवाडी रूप असून, त्यातला अनुस्वार जितका लांबवावा तितकी निराशा खोल असे समजावे. बैल बसला तर त्याची शेपटी पिरगाळता येते. सर्व्हरला शेपटी नसल्यामुळे एफ-फाइव्हचे बटण दाबतात.

वास्तविक चुकीचा धनी ठरवण्याची सोय संगणकशास्त्राने फार पूर्वीच करून ठेवलेली आहे. मागणारा आणि देणारा संगणक ज्या नियमांनी एकमेकांशी बोलतात, त्या एचटीटीपी नावाच्या नियमावलीत प्रत्येक उत्तराला तीन आकडी क्रमांक असतो, आणि १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या १.० या आवृत्तीतच अशी स्वच्छ वाटणी आढळते की चाराने सुरू होणारा क्रमांक म्हणजे मागणाऱ्याची चूक आणि पाचाने सुरू होणारा म्हणजे देणाऱ्याची. ४०४ म्हणजे मागितलेले पान सापडत नाही, ५०० म्हणजे सर्व्हरच्या पोटात काहीतरी बिघडले, ५०३ म्हणजे सेवा तूर्त बंद, आणि ५०४ म्हणजे मधल्या सर्व्हरने पलीकडच्याची वाट पाहून नाद सोडला. पुन्हाप्रयत्नीला ही फोड कोणी शिकवलेली नसते, तरी निरीक्षणाने त्याने ती अर्धीअधिक मिळवलेली असते. पाचशेतीन दिसले की तो चहाला जातो आणि पाचशेचार दिसले की खुर्ची धरून बसतो, कारण यंत्राने जो नाद सोडला तो आपण सोडू नये, असे त्याचे मत असते. अलीकडे मात्र बहुतेक ठिकाणी हे आकडे झाकून त्यांवर 'काहीतरी' या सर्वनामाचे पांघरूण घातलेले आढळते. आकड्यावरून निदान भांडता येत होते. 'काहीतरी'शी भांडणार कसे?

धनी सापडत नाही म्हटल्यावर पुन्हाप्रयत्नी उपचारांकडे वळतो. फोन बंद करून चालू करणे, पडद्यावरच्या विमानाच्या चित्राला एकदा शिवून पुन्हा शिवणे, ॲप काढून नव्याने टाकणे, गच्चीच्या ठरलेल्या कोपऱ्यात उभे राहणे आणि पहाटे चारचा गजर लावणे हे सर्वमान्य उपचार होत. यांपैकी शेवटचा पुष्कळदा खराच लागू पडतो, कारण त्या वेळी मागणारे थोडे असतात. पण चारला उठलेला माणूस बाकीचे चारही उपचार त्याच झटक्यात करीत असल्यामुळे यशाचे श्रेय सगळ्यांना सारखे वाटले जाते आणि गच्चीच्या कोपऱ्याची कीर्ती गल्लीत पसरते.

अंगठ्याचे प्रकरण जरा निराळे आहे. आधार क्रमांकांच्या वाटपाची सुरुवात २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातीलच, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी झाली, आणि तेव्हापासून सहीहून अंगठा मोठा ठरत गेला; ज्या शिकलेल्या मुलाने बापाला 'अंगठेबहाद्दर' म्हणून हिणवले, तोही आता रांगेत अंगठा पुढे करून उभा असतो. परंतु कापसाच्या वेचणीत बोंडाची वाळकी टोके बोटांना ओरबाडतात, उसाच्या पाचटाने कातडी चिरते आणि उरल्यासुरल्या रेषा खुरप्याच्या मुठीखाली झिजतात, त्यामुळे जो जितका अस्सल शेतकरी, तितके त्याला शेतकरी म्हणून ओळखणे यंत्राला जड जाते. 'मामा, कपाळाला घासा' असे ऑपरेटर सांगतो. कपाळावरच्या तेलकटपणाने रेषा उठून येतात, ही यामागची साधी उपपत्ती. पण नशीब उघडण्यासाठी कपाळाला अंगठा घासणारा माणूस पाहिल्यावर तिची आठवण राहणे कठीण आहे.

ओटीपी म्हणजे एकदाच चालणारा, बहुधा सहा आकडी सांकेतिक क्रमांक, जो आधारला जोडलेल्या मोबाईलवर येतो आणि काही मिनिटांत शिळा होतो. या व्याख्येतील 'जोडलेल्या मोबाईलवर' या शब्दांत केज तालुक्याचे निम्मे अर्थकारण दडलेले आहे. दसरा-दिवाळी झाली की 'कोयते', म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, मुकादमाकडून घेतलेल्या उचलीवर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघून जातात आणि घरी नातवंडांना सांभाळायला आजोबा राहतात. आजोबांच्या आधारला जोडलेले सिमकार्ड घरातल्या एकुलत्या एका धड फोनमध्ये असते, आणि तो फोन मुलाच्या खिशात, फडात असतो. परिणामी केजच्या गाळ्यात बटण दाबले की सांगलीकडच्या एखाद्या उसात खणखणते, आणि त्या वेळी मुलगा डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवर चढत असतो. शेजाऱ्याच्या फोनवरून जे संभाषण होते, त्याचा नमुना असा: 'आला का रं?' 'आलेत आबा, दोन आलेत. पहिला सांगू का दुसरा?' येथे केंद्रातील जाणकारांमध्ये मतभेद होतो. दुसरा खरा, हे मत शेवटी मान्य होते. पण तोवर ऑपरेटरने घाईघाईने तिसरा मागवलेला असल्यामुळे दुसराही बाद झालेला असतो. 'आठ, शून्य, तीन... आबा, थांबा, ट्रक हालला.' उरलेले तीन आकडे येईपर्यंत पडद्यावर वेळ संपल्याची सूचना आलेली असते, आणि आजोबा फोन शेजाऱ्याला परत न देता मुलाला विचारतात, 'जेवलास का?'

दुसरे दुखणे खुद्द गावाच्या नावात आहे. मराठीत दोन अक्षरांत आटोपणारे 'केज' हे नाव विधानसभा मतदारसंघाच्या आणि तालुक्याच्या रोमन लिपीतील नोंदींत के, ए, आय, जे असे लिहिलेले आढळते. त्यामुळे उच्चाराला जागून के, ई, जे असा शोध घेणाऱ्याला आपला तालुकाच यादीतून नाहीसा झाल्याचे दिसते. जिल्ह्याच्या नावातही कोठे एक आय, तर कोठे दोन ई असतात, आणि शेजारच्या अंबाजोगाईच्या रोमन नावात 'बा'चा 'बे' होतो. २०२३ साली उस्मानाबादचे धाराशिव झाल्यामुळे मांजरा नदीपलीकडच्या कळंबकरांनाही यादीत आपला जिल्हा जुन्या नावाने शोधावा की नव्या, हा प्रश्न पडू लागला, आणि पुन्हाप्रयत्नीला परजिल्ह्यातून सोबत मिळाली. माणसाच्या नावाची गत याहून वेगळी नाही. विठ्ठलमधला 'टी' आधारवर एक, बँकेत दोन आणि सातबाऱ्यावर मराठीत असल्याने एकही नाही, अशा स्थितीत एकाच देहात तीन विठ्ठल नांदतात आणि अनुदान चौथ्याला मंजूर होते.

शेतात उभे राहूनही सुटका नाही. राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत, म्हणजे आपल्या पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः छायाचित्रासह मोबाईलवरून करण्याच्या पद्धतीत, फोन उपग्रहांच्या मदतीने आपले ठिकाण ताडतो. हा अंदाज चुकला की सोयाबीनमध्ये गुडघाभर उभ्या असलेल्या माणसाला तो आपल्या गटापासून दूर असल्याचे कळवले जाते. हे शेत याचे नव्हेच, हे जे भावकीला तीन पिढ्यांत सिद्ध करता आले नाही, ते फोन निमिषात सिद्ध करतो. भावकीतला कोणी हे शेजारच्या बांधावरून ऐकत नाही ना, एवढे पाहून पुन्हाप्रयत्नी दहा पावले सरकतो.

फॉर्म भरताना त्याला सर्वांत जास्त छळते ती सेशन नावाची गोष्ट. सेशन म्हणजे संकेतस्थळाने एखाद्याला ओळख देण्याची ठरावीक मुदत. ती संपली की अर्ध्यावर आलेला अर्ज पुसला जातो आणि माणूस पुन्हा परका होतो. शेजारच्या अंबाजोगाईत संत दासोपंतांनी सुमारे ४० फूट लांबीच्या कापडावर पंचीकरण लिहिले, ती पासोडी चारशे वर्षांनंतरही टिकून आहे. एकोणचाळिसाव्या फुटावर 'आपले सेशन संपले आहे' अशी सूचना आली असती तर दासोपंतांनी काय केले असते, हा प्रश्न तौलनिक अभ्यासाच्या कक्षेबाहेरचा असला, तरी केंद्रातील मंडळींनी तो सोडवलेला आहे: संतांचे सोडा, त्यांना विम्याची तारीख नव्हती.

तारीख हाच या प्रकाराचा सण. २०२३ च्या खरिपापासून काही हंगाम शेतकऱ्याच्या वाट्याचा विमाहप्ता फक्त १ रुपया होता. तो रुपया भरण्यासाठी जीपचे भाडे, दोन वेळचा चहा आणि तीन दिवसांचा खाडा करण्याला पुन्हाप्रयत्नीची तक्रार नसे. त्याची तक्रार 'पैसे कटले, पावती नाही' या अवस्थेविषयी असे, ज्यात खात्यातून रक्कम वजा होते आणि समोर गोल फिरत राहतो. रुपया दोनदा कटला म्हणून संतापलेला माणूस नादुरुस्त व्यवहाराचा स्क्रीनशॉट वीस रुपये देऊन रंगीत छापून घेई आणि घडी करून खिशात ठेवी, कारण उद्या कोणी धनी भेटलाच तर त्याच्यापुढे पुरावा हवा. केज तालुक्यातील विडा या गावी धुळवडीला जावयाची गाढवावरून मिरवणूक काढण्याची जुनी प्रथा आहे. सण जवळ आला की गावचे जावई दडून बसतात आणि त्यांना हुडकायला माणसे पाठवावी लागतात. शेवटच्या तारखेचा सर्व्हर अगदी या जावयासारखा वागतो. फरक इतकाच की जावई सापडतो, आणि त्याला नवे कपडेही मिळतात. सर्व्हरच्या वतीने मिळते ती मुदतवाढ, म्हणजे सापडला नाही म्हणून पुढच्या तारखेला पुन्हा दडण्याची परवानगी. मुदतवाढीची बातमी व्हॉट्सॲपवर अधिकृत पत्राच्या आधी एक दिवस येते. खोटी असेल तर दोन दिवस आधी.

ऑपरेटरशी त्याचे नाते गुंतागुंतीचे असते. हाताशी सापडणारा एकमेव सजीव कर्ता म्हणून पहिल्या तासात तो सारा दोष ऑपरेटरवर ढकलतो, दुसऱ्या तासात त्याला आपल्या पैशाने चहा पाजतो आणि तिसऱ्या तासात दोघे मिळून एका अदृश्य तिसऱ्याला शिव्या देतात, ज्यात गावाकडचे शब्द ऑपरेटर पुरवतो आणि संगणकाचे शब्द पुन्हाप्रयत्नी. तो आता 'कॅशे' आणि 'ब्राऊजर' हे शब्द सफाईने वापरतो. माणूस आणि यंत्र यांत फरक करण्यासाठी वाकडीतिकडी अक्षरे ओळखायला लावणारी कॅप्चा नावाची परीक्षा तर तो चष्म्याशिवाय देतो, आणि शून्य की 'ओ' या प्रश्नावर त्याचा सल्ला घ्यायला शेजारच्या केंद्रातून माणूस येतो.

क्वचित असेही घडते की अर्ज जातो. गोल थांबतो, हिरवी खूण येते, प्रिंटर खरखरतो आणि ऊबदार पावती त्याच्या हातात पडते. तिच्या तो दोन झेरॉक्स काढतो, मूळ प्रत प्लास्टिकमध्ये घालतो, पिशवीचे तोंड बांधतो, आणि गावाची शेवटची बस निघायला बराच अवकाश असल्यामुळे पुन्हा बाकावर टेकतो. समोरच्या खुर्चीत नवा माणूस बसलेला असतो. त्याच्या पडद्यावर तेच वाक्य उमटते आणि त्याचे बोट नकळत डावीकडच्या बाणाकडे जाऊ लागते. पुन्हाप्रयत्नी बाकावरून अर्धा उठतो.

'मागं जाऊ नका, भाऊ. पहिल्यापासनं भरावं लागंल. थांबा, मी सांगतो.'