एक नंबर

भुईगावला समुद्राकडे निघालात की सुरूची झाडं लागायच्या जरा अलीकडे एक घरगुती खानावळ आहे. तिला नाव नाही. ओटीवर चार टेबलं, मागे केळीची वाडी, आत मावशी. मेनूकार्ड मागणाऱ्या मुंबईकराला मावशी एवढंच विचारते, "भूक लागलीय ना? मग बसा."

काही वर्षांपूर्वी तिच्या कानावर आलं की नोंदणी नसेल तर दंड होतो. फॉर्म भरण्याच्या कामी आळीत माझी थोडी ख्याती आहे, म्हणून मला बोलावणं आलं. चुलीपाशी पाट टाकून मी तिला २००६चा अन्नसुरक्षा कायदा समजावू लागलो. तेव्हाच्या नियमाप्रमाणे वर्षाची उलाढाल बारा लाखांच्या आत असेल तर परवान्याची गरज नव्हती, नुसती नोंदणी पुरे, फी वर्षाला शंभर रुपये. बारा लाख ऐकून मावशी इतकी हसली की तव्यावरची तांदळाची भाकरी करपली. ती माझ्याच ताटात पडली.

'पदार्थांचा प्रकार' या रकान्याशी गाडी अडली.

"लिही, जाळ्यात येईल ते."

मी 'मांसाहारी भोजन' असं लिहिलं आणि मलाच ओशाळल्यासारखं झालं.

यथावकाश चौदा आकडी क्रमांक आला. त्यातलं शहाणपणही मीच पाजळलं: पहिला २ म्हणजे नोंदणी, मोठ्या परवानेवाल्यांचा १ने सुरू होतो, पुढचे १५ म्हणजे महाराष्ट्र. मावशीचा चेहरा उतरला. "लोक हात धुताना म्हणतात, मावशी, एक नंबर! आणि सरकारच्या वहीत आपण दोन नंबरवाले?"

नोंदणीला माझी ना नाही. उद्या पन्नास माणसं पोट धरून बसली तर कुठल्या चुलीवरचं खाल्लं, पाणी कुठल्या विहिरीचं होतं, हे कुणीतरी विचारायला हवं आणि सापडायलाही हवं. कढईतलं तेल कितव्यांदा तापतंय, तेही कुणी डोकावून पाहिलं तर बरंच. माझं घोडं अडतं ते प्रतवारीपाशी. सरकारची स्वच्छतेची श्रेणी हसऱ्या चेहऱ्यांत मिळते, जास्तीत जास्त पाच. मावशीच्या स्वयंपाकघराला मी चार तरी देईन. पाचवा चेहरा बोंबील साफ करताना उंबऱ्यावर येऊन बसणाऱ्या बोक्यापायी जाईल. पण गिऱ्हाईक ते चेहरे वाचतं कसं? पाच म्हणजे कालवण फक्कड! मोरी चकचकीत असण्याचा आणि कालवण जमण्याचा काय संबंध?

बरं, चवीची परीक्षा घ्यायचीच ठरवली तर घ्यायची कधी? जून-जुलैत होड्या वाळूवर ओढलेल्या असतात, मासेमारी बंद. तेव्हा परीक्षक आला तर त्याला सुके बोंबील आणि वाडीतली भाजी मिळेल. रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपायच्या आत तो आला तर कुलूप. आणि मासळी संपली म्हणून मावशी दीडलाच चूल विझवते, त्याचे गुण कापणार की वाढवणार? प्रतवारीला रोज सारखं लागतं. मावशीकडे रोज सारखा असतो तो फक्त भाकरीचा आकार, तोही करपली नाही तर.

न्यूयॉर्कमध्ये २०१०पासून हॉटेलांच्या दारावर अ, ब, क अशा अर्थाची अक्षरं लागतात म्हणे. तीही स्वच्छतेचीच. तिथली मला आवडलेली पाटी मात्र निराळी: निकाल लागेपर्यंत लावायची, 'श्रेणी प्रलंबित' अशा अर्थाची. इतकी प्रामाणिक पाटी कुठल्याही खानावळीला शोभेल. दादरच्या मामा काणे यांनी १९१०मध्ये प्रलंबित वगैरे काही ठेवलंच नाही. नावातच 'स्वच्छ उपहारगृह' घालून मोकळे झाले. स्वतःच स्वतःला श्रेणी द्यायची, आणि रोज येणाऱ्या प्रत्येकाला ती तपासायची मुभा. छाती लागते त्याला.

मावशीने शेवटी पाटी रंगवून घेतली. वर 'घरगुती जेवण', खाली क्रमांक, आणि कोपऱ्यात कुणी न सांगता पेंटरने काढलेलं पापलेट, जे मावशीकडे वर्षातून चारदा मिळत असेल. गेल्या रविवारी बोंबील येईपर्यंत वेळ होता, म्हणून सहज आकडे मोजले. तेरा भरले. पुन्हा मोजले, पुन्हा तेराच. आरंभीचा २ गायब होता. त्यामुळे १५मधला १ सगळ्यात पुढे आला होता.

"मावशी, पेंटरने एक आकडा गाळलाय."

"गाळला नाही रे," आतून आवाज आला, "मीच नको म्हटलं."